वडा तेलकट का होतो, आणि १५ रुपयांत का परवडत नाही

पत्र: साताऱ्यात आमच्या बाबांचं उपाहारगृह होतं. वडापाव, मिसळ, भजी, चहा. लॉकडाउनमध्ये बंद पडलं ते पडलंच. यंदा मी आणि धाकट्या भावाने ते पुन्हा उघडलं. तयार काही आणत नाही. मसाल्यापासून चटणीपर्यंत सगळं आई आणि आत्या इथेच करतात. दोन महिने झाले. गर्दी बरी आहे, पण वडा तेलकट होतो, कधी तेलात फुटतो. सकाळची घाई टळावी म्हणून बटाटे रात्रीच उकडून, सोलून फ्रिजमध्ये ठेवतो. आलं-लसूण-मिरची मिक्सरमधून काढतो. वडा फुगावा म्हणून पिठात सोडा जरा सढळ असतो. मिसळीचा कट रोज वेगळा लागतो. जुनी गिऱ्हाइकं ‘पूर्वीची चव नाही’ म्हणतात. गल्ल्यात काही उरत नाही. बाबा म्हणतात वडापाव १५ रुपयांच्या वर न्यायचा नाही. भाऊ म्हणतो बर्गर आणि फ्रेंच फ्राइज ठेवू. ता. क. पावाबरोबरच्या मिरच्या तळताना फुटतात, परवा आत्याच्या हातावर तेल उडालं.
— चूल पुन्हा पेटवणारी, सातारा

उत्तर:

सगळ्यांत आधी मिरच्या, कारण त्यात हात भाजतो. मिरची म्हणजे बंद पिशवी. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही की ती फुटते. प्रत्येक मिरचीला देठाखालून टोकापर्यंत उभी चीर द्या. धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या. तेल १५० अंशांच्या आसपास, म्हणजे वड्याच्या तेलापेक्षा मंद असताना झाऱ्यावरून सोडा आणि वर जाळीचं झाकण धरा. मीठ बाहेर काढल्यावर, मिरच्या गरम असताना लावा. चीर न दिलेली एकही मिरची उद्यापासून कढईत जाता कामा नये, मग दुकानात कितीही गर्दी असो.

आता वडा. दोष कुठे आहे ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे: फ्रिजमधले बटाटे, मिक्सरचं वाटण आणि सढळ सोडा. तिन्ही गोष्टी घाई वाचवायला किंवा वडा फुगवायला केलेल्या आहेत आणि तिन्हींचा परिणाम एकच होतो. भाजीत ओल वाढते, आवरण सच्छिद्र होतं, तेल आत शिरतं.

रात्री उकडलेला गार बटाटा सकाळी दमट स्वयंपाकघरात बाहेर काढला की त्याच्यावर पाणी सुटतं. थंड बाटलीला बाहेरून घाम येतो तसंच. त्या ओलसर गोळ्यावर पीठ धरत नाही, कुठेतरी पातळ राहतं आणि तळताना तिथूनच वडा फुटतो. शिवाय दहा-बारा गार गोळे एकदम पडले की तेलाचं तापमान कोसळतं. मंद तेलात आवरण लवकर धरत नाही, मग ते तेल पीत बसतं. बटाटे पहाटे उकडा. सालासकट, पाण्यात मीठ घालून, सुरी सहज जाईल इतपतच. लगेच सोला, परातीत पसरा आणि वाफ जाऊ द्या. किमान पाऊण तास. कुकरमध्ये साल फाटेपर्यंत शिजलेला बटाटा पाणी पितो, म्हणून बटाटे एकाच आकाराचे निवडून घ्या. कुस्करताना हातानेच मोडा, हरभऱ्याएवढे खडे राहू द्या. लगदा केला की स्टार्च सुटतो, भाजी चिकट होते आणि वडा खाताना टाळ्याला चिकटतो.

बटाटा घेताना ‘जुना’ मागा. अंगठ्याने घासून साल सुटली तर तो नवा. त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. शीतगृहातून थेट आलेल्या बटाट्यात वेगळीच भानगड असते. फार कमी तापमानात स्टार्चची साखर होते, भाजी गोडसर लागते. ओळखायचं असेल तर एक पातळ काप तेलात सोडून बघा. फिकट सोनेरी न होता झटकन तपकिरी झाला तर साखर आहे. असं पोतं परत करता येत नसेल तर अंधाऱ्या, हवेशीर जागी दहा-बारा दिवस उघडून ठेवा, बरीचशी साखर पुन्हा कमी होते. पुसेगावच्या बाजाराला बटाटा आणि आलं दोन्ही तुमच्या जवळ आहे. एकाच व्यापाऱ्याकडून आठवड्याचा माल घेतला तर चवीतली निम्मी चढउतार तिथेच थांबेल.

मिक्सरचं वाटण हा दुसरा मुद्दा. मिक्सर फिरावा म्हणून त्यात पाणी घातलं जातं, ते सगळं भाजीत येतं. शिवाय लसूण अगदी बारीक झाला की उग्र, कडवट लागतो. खलबत्त्यात किंवा छोट्या हातमशीनवर मिठाबरोबर जाडसर ठेचा. दिवसाला दहा-वीस किलो बटाट्यांसाठी हे जड काम नाही, वीस मिनिटांत होतं. मिक्सरच वापरायचा असेल तर पाण्याऐवजी मोजलेल्या फोडणीच्या तेलातलंच थोडं तेल घाला आणि झटके देत फिरवा.

सुरुवात या प्रमाणावर करा, मग आईच्या जिभेप्रमाणे हलवा. कच्चा बटाटा १० किलो; सोलून सुमारे ९ किलो उरतो. हिरवी मिरची ३५० ग्रॅम, लसूण २०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम, निवडलेली कोथिंबीर ३०० ग्रॅम, मीठ १४० ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, फोडणीला तेल ४०० मिली, मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सहा लिंबांचा रस. ठेचा फोडणीत नीट परतून त्यातलं पाणी उडवा, आच बंद करा, मग बटाटा घाला. लिंबू आणि कोथिंबीर भाजी कोमट झाल्यावर. साठ ग्रॅमचे गोळे केले तर १६० ते १६५ होतात. पहिला महिनाभर प्रत्येक गोळा तराजूवर टाका, नंतर दर दहावा. गोळे वळून पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवले की वरची ओल सुकते.

एवढ्या गोळ्यांना बेसन २ किलो, पाणी दोन लिटर आणि वर लागेल तसं थोडं, मीठ ४० ग्रॅम, हळद १० ग्रॅम आणि कडकडीत तेलाचं मोहन १०० मिली. सोडा ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. खरं तर मोहन नीट असेल तर सोड्याशिवायही वडा चांगला होतो. सोड्याने आवरणात वायूची छिद्रं पडतात आणि वायू गेला की त्या जागी तेल बसतं. वड्यावर लालसर डाग येतात ना? ती हळद आहे. सोड्याच्या संगतीत ती लाल होते. म्हणजे किती सोडा पडला हे गिऱ्हाइकालाही दिसतं. सगळं पीठ सकाळीच भिजवून ठेवू नका. अर्धा-अर्धा किलोचं करा, सोडा शेवटी. पीठ बोटावरून घरंगळलं पण बोट झाकून गेलं, इतकं दाट हवं. बेसन गिरणीतून हरभराडाळ दळून घेतलंत तर उत्तम. तयार बेसनात वाटाण्याचं पीठ असलं की आवरण कडक होतं आणि थंड झाल्यावर चिवट.

तेलात सोडताना १७५ ते १८० अंश. तळणाचा लांब दांड्याचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि तुमच्या दुकानात सध्या सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल अशी ती एकच वस्तू आहे. आठ लिटर तेलाच्या कढईत एका घाण्याला बारा वडे, जास्त नाहीत. तेल १६० च्या खाली गेलं तर घाणा मोठा झाला असं समजा. पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा १७५ वर येऊ द्या, रांग कितीही असो. साडेतीन-चार मिनिटांत वडा होतो.

आणि एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वडा जास्तीत जास्त तेल कढईत असताना पीत नाही, बाहेर काढल्यावर पितो. आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि वर चिकटलेलं तेल ती आत ओढते. म्हणून झारा कढईवरच दहा-पंधरा सेकंद हलवून तेल गाळा आणि वडे जाळीवर एका थरात ठेवा. परातीत ढीग केला, की खालचा वडा वरच्याचं तेल पितो आणि स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो.

हे जमतंय की नाही ते डोळ्याने ठरवू नका, तेल मोजा. रात्री कढईतलं तेल मोजायचं, दिवसभरात किती ओतलं ते लिहायचं, वड्यांच्या संख्येने भागायचं. शंभर वड्यांमागे पाऊण ते एक लिटर ठीक. सव्वा लिटरच्या पुढे गेलं तर वर सांगितलेल्यांपैकी काहीतरी सुटतंय.

‘पूर्वीची चव नाही.’ ही तक्रार सगळीच खरी नसते आणि सगळीच खोटीही नसते. बारा वर्षांच्या भुकेल्या मुलाने खाल्लेला वडा चाळिशीत कुणालाच परत मिळत नाही, त्याला तुमच्याकडे इलाज नाही. पण काही गोष्टी खरोखर बदललेल्या असू शकतात. त्या शोधायला ‘कसा वाटला’ असं विचारू नका. ‘तिखट कमी आहे का, लसूण कमी आहे का, वास वेगळा आहे का’ असं नेमकं विचारा. पाच जणांची उत्तरं एकाच दिशेला गेली तर तिथे बघा. बाबांना विचारा: तेव्हा तेल कुठलं होतं? तेलघाण्यावरचं शेंगदाणा तेल असेल आणि आता पामतेल असेल, तर निम्मा वास तिथेच गेला. कढई बिडाची जाड होती का? जाड कढई उष्णता धरून ठेवते, पातळीत दर घाण्याला तेल गार होतं. मिरची कुठली होती? लवंगी आणि जाड पोपटी मिरचीचा तिखटपणा इतका वेगळा असतो, की वजन तेच ठेवून चव तीच येणार नाही.

मग आईचा हात. त्यांना प्रमाण विचारलं तर ‘अंदाजाने’ म्हणतील, आणि ते खरंच आहे. त्यांना थांबवून चमचे मोजायला लावू नका, हात बिथरतो. मसाल्याचा डबा तराजूवर ठेवा, वजन बघा, त्यांना नेहमीसारखं हाताने घेऊ द्या, पुन्हा वजन बघा. फरक लिहा. असं सात दिवस करा आणि सरासरी काढा. ज्या दिवशी भाजी ‘आज जमली’ असं त्या स्वतः म्हणतील त्या दिवसाच्या आकड्यांभोवती गोल करा. मिठासाठी आणि मिरचीसाठी हे करणं सोडू नका. कढीपत्त्याची पानं मोजत बसायची गरज नाही. दोन आठवड्यांनी भावाने त्या वहीवरून भाजी करावी आणि आईने न सांगता ओळखून दाखवावं कोणती कुणाची. ओळखता आली नाही, की दुकान एका माणसाच्या तब्येतीवर अवलंबून राहिलं नाही. तुमचं दुकान एकदा बंद पडलेलं आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो आहोत.

कटाचं दुखणं याच घरातलं आहे. पन्नास प्लेटांसाठी, वाढपासकट, बारा लिटर कट धरा: कांदा २ किलो, सुकं खोबरं ६०० ग्रॅम, लसूण २०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम, धणे १०० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला ३५० ग्रॅम, रंगाला ब्याडगीची पूड ८० ग्रॅम, तेल ९०० मिली, मीठ १४० ग्रॅमपासून पुढे. हे सगळं रोज मोजूनही कट वेगळा येऊ शकतो, आणि त्याचं पहिलं कारण कांदा. पावसाळ्यातला कांदा आणि उन्हाळी साठवणीचा कांदा यांत पाणी वेगळं, म्हणून ‘वीस मिनिटं परता’ या सूचनेला अर्थ नाही. भाजलेल्या कांद्याचं वजन करा. दोन किलोचा ९०० ग्रॅम ते एक किलो झाला की थांबा. वजन तेच आलं तर गोडवा आणि रंगही जवळजवळ तोच येतो.

दुसरं कारण पुडीचं जळणं. लाल पूड कडकडीत तेलात पडली की दोन-तीन सेकंदांत काळपट आणि कडू होते. वाटण तेल सुटेपर्यंत परता, भांडं आचेवरून उतरवा, मग पूड आणि मसाला घाला, लगेच वाटीभर गरम पाणी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तर्री लाल हवी असेल तर तेल आणि मसाला यांना आधी मंद आचेवर पाच मिनिटं एकत्र राहू द्या, पाणी नंतर. कृत्रिम रंगाचा मोह कुणी घातला तरी घालू नका, तो गुन्हाही आहे.

तिसरं कारण, दिवसभर उकळणारं पातेलं. सकाळी सातला बरोबर असलेला कट अकराला खारट आणि जाड होतो, मग कुणीतरी नळाचं पाणी ओततं. पातेल्याला आतून बारा लिटरची खूण करा, नऊची आणि सहाचीही. एकूण किती प्लेटा गेल्या त्यावरून पातळी कुठे हवी ते कळतं. त्याखाली गेली तर तेवढंच उकळतं पाणी. दोन पातेली ठेवा, मोठं मंद आचेवर झाकून, छोटं वाढपाचं. आणि कालचा उरलेला कट आजच्यात मिसळणं बंद. पुष्कळ ठिकाणी ती ‘मुरवण’ म्हणून मिरवली जाते, पण रोज किती उरलं त्यावर दुसऱ्या दिवशीची चव ठरते, आणि रात्रभर कोमट राहिलेला रस्सा पोट बिघडवतो. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर, नाहीतर झटपट गार करून ५ च्या खाली; मधल्या पट्ट्यात कुठलंच अन्न ठेवायचं नाही.

मटकीचं थोडक्यात. १ किलो कोरडी मटकी मोड येऊन सव्वादोन ते अडीच किलो होते. आठ तास भिजत, मग निथळून फडक्यात बारा ते सोळा तास. थंडीत चोवीस लागतात. उन्हाळ्यात दर सहा तासांनी धुवा, नाहीतर बुळबुळीत होऊन वास येतो. कुकर नको, उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटं. फरसाण बाहेरून आणा आणि तसं सांगा. फरसाणासाठी वेगळी कढई, वेगळा माणूस आणि वेगळा वेळ लागतो. दोन बायकांच्या स्वयंपाकघराला तो परवडत नाही. पावाचंही तेच. चांगला बेकरीवाला गाठा, सकाळी आणि दुपारी चारला अशी दोनदा लादी घ्या. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो जास्त लवकर शिळा होतो. पाव विकत आणल्याने ‘सगळं इथेच करतो’ हे म्हणणं खोटं पडत नाही, लपवल्याने पडतं.

सुक्या चटणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती दर दोन-तीन दिवसांनी करा. खोबरं खवट झालं की ते आधी चटणीत कळतं. अर्धा किलो सुकं खोबरं, १५० ग्रॅम लसूण, ६० ग्रॅम लाल पूड, ३० ग्रॅम मीठ. लसूण थोड्या तेलात ओल जाईपर्यंत परतून मगच कुटा. कढईत पडलेला पिठाचा चुरा, काळा पडण्याआधी काढलेला, त्यात चांगला लागतो. जळका चुरा मात्र टाकून द्या.

आता पैसे. खालचे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजाराचे घालून पुन्हा मांडा. बटाटा ३० रुपये किलो, बेसन १००, तेल १५० रुपये लिटर, पाव ४ रुपये धरला. वरच्या प्रमाणात १० किलोची भाजी साधारण ४९५ रुपयांना पडते, म्हणजे गोळ्याला ३ रुपये. आवरण १ रुपया ४० पैसे. प्यालेलं तेल १ रुपया ४० पैसे, आणि जे तेल शेवटी टाकून द्यावं लागतं त्याचे ६० पैसे. पाव ४, चटणी पावणेदोन, मिरची ५० पैसे, कागद ४० पैसे, गॅस १ रुपया. बेरीज १४ रुपये. बाबांच्या १५ रुपयांत तुमच्या हाती वड्यामागे १ रुपया येतो.

आता रोजचा ठरलेला खर्च बघा. दोन मदतनीस, वीज, पाणी, दुरुस्ती, आणि तुम्हा दोघा भावंडांचा पगार. हा पगार धराच. घरचा माणूस फुकट असं मानून चालवलेलं दुकान दोन वर्षांत घरच्या माणसालाच थकवतं. जागा स्वतःची असली तरी थोडं भाडं मांडा. समजा दिवसाला ३,५०० झाले. १५ रुपयांना विकला तर हा खर्च निघायला ३,५०० वडापाव लागतात. २० ला विकला तर ५८३. २५ ला ३१८. चहा आणि मिसळ यातला काही भार उचलतील, पण कढईशी एका दिवसात किती वडे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

हा हिशेब बाबांसमोर त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हाताने मांडायला लावा. त्यांचा मुद्दा बहुधा शाळकरी पोरांचा असणार. तो सोडून देऊ नका. पाव, चटणी आणि चुरा असा चुरापाव १० रुपयांना ठेवा. त्यात ७-८ रुपयांचा माल जातो, नफा नाही म्हटलं तरी चालेल, पण पोरगं उपाशी जात नाही आणि वड्याचा भाव मोकळा होतो. वडा लहान करून भाव राखायचा विचार मात्र नको. गोळा ६० वरून ४५ वर नेला की आवरण भाजीच्या मानाने जास्त होतं, तेल जास्त पितं आणि गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखतं.

घरपोच ॲपवर जायचं झालं तर कमिशन वजा करून भाव वेगळा लावा. बंद डब्यात वडा वाफेने नरम पडतो; डब्याला भोकं पाडा, पाव आणि वडा वेगळे बांधा, कट वेगळा. हे जमेपर्यंत ॲप नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भावाच्या बर्गर-फ्राइजबद्दल. कल्पना चुकीची नाही, स्वयंपाकघर चुकीचं आहे. ताज्या बटाट्याच्या कुरकुरीत फ्राइजना कमी साखरेचा बटाटा, कापून धुणं, वाळवणं आणि दोनदा तळणं लागतं: आधी १५० अंशांना पाच-सहा मिनिटं, गार करून पुन्हा १८० ला दोन-तीन. म्हणजे तुमची एकुलती कढई दिवसभर अडली. गोठवलेल्या आणल्या तर ‘इथेच करतो’ हे वाक्य पाटीवरून पुसावं लागेल. त्याऐवजी तेच पीठ, तीच भाजी, तीच कढई वापरणारे पदार्थ द्या: कांदाभजी, मिरचीभजी, आणि बटाट्याची भाजी भरलेलं पावपॅटिस. पावपॅटिसवर भाऊ चीज घालो, अंडाविरहित मेयोनीज घालो, बर्गरच्या कागदात गुंडाळो. कॉलेजची पोरं घेतील. पाटीवर सहा पदार्थांच्या वर जाऊ नका. प्रत्येक नवा पदार्थ म्हणजे एक नवं वाटण, आणि वाटण आईच्या किंवा आत्याच्याच वाट्याला येतं.

कागदपत्रं भराभर सांगतो. बाबांच्या नावाचं जुनं अन्नसुरक्षा नोंदणीपत्र मुदत उलटून वर्षं झाली असतील तर ते जिवंत होत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर नव्याने अर्ज करा आणि १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावा. उलाढालीवरून नोंदणी लागते की परवाना, ते तिथेच कळतं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच. घरगुती सापडला तर दंड होतो, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. वडापाव वर्तमानपत्रात देऊ नका, शाईमुळे त्याला मनाई आहे. कोरा बटरपेपर घ्या. हाताळणाऱ्या सगळ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखले फाइलला लावा, आई आणि आत्याचेही.

तेलाचा नियम जरा नीट समजून घ्या. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की बनणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही. मोजायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी नसेल तेव्हाच्या खुणा: तळताना बारीक, न विरणारा फेस, नेहमीच्या आचेवर धूर, कढईच्या कडेला डिंकासारखा थर. रोज रात्री तेल साधारण ६० अंशांवर उतरलं की दुपदरी सुती फडक्यातून गाळा. पिठाचे जळके कण राहिले तर ते तेल रातोरात म्हातारं करतात. गाळलेलं तेल स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, कढईत उघडं नाही. नव्या तेलात जुनं मिसळत राहिलात तर ते कधीच संपत नाही, म्हणून आठवड्याचा एक दिवस ठरवा, सगळं बदला. जुनं तेल गटारात किंवा दुसऱ्या गाडीवाल्याला नाही. वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या, पैसेही मिळतात.

राहिले बाबा. भट्टीपाशी नको, गल्ल्यावर बसवा, पण कामाशिवाय नको. रोज सकाळी पहिल्या घाण्यातला वडा आणि कटाची वाटी त्यांच्यासमोर जाऊ द्या आणि वहीत त्यांनी दोनच शब्द लिहावेत: मीठ कसं आणि तिखट कसं, कमी, जास्त की बरोबर. त्याखाली रात्रीचे तीन आकडे त्यांनीच भरावेत: वडे किती गेले, तेल किती प्यालं, कट किती उरला. जुने मित्र आले की ते फुकट चहा पाजतील, अडवू नका. फक्त तो कपही त्याच वहीत लिहायला सांगा.